न्हाणीतला वाळा

आमच्या परभणीकडं मिरगाचा पाऊस पडला की कुणाच्या ना कुणाच्या न्हाणीत वाळा नावाचा इवलासा साप निघतोच, आणि निघाला की घरात नुसता गलका, मीठ आणा, चप्पल आणा, लेकरांना पलंगावर चढवा. कशासाठी, तर वीतभर लांब आणि बुटाच्या नाडीएवढ्या जाड जीवासाठी. पाऊस झाला की काळ्या रानाच्या भेगा बुजतात, बिळात पाणी शिरतं, मग ते बिचारं जाणार कुठं, न्हाणीचा पाईप सापडला की आलं वर.

बघणाऱ्याला आधी गांडूळच वाटतं. पण जरा वाकून बघा, गांडूळ चिकट, अंगभर वळ्या, आणि वाळा कोरडा, चकचकीत, बारीक खवल्यांचा, मधूनच इवलीशी जीभ काढतो. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन काळे ठिपके, उजेड-अंधार कळला तरी पुष्कळ. शेपटीच्या टोकाला काटा असतो, हातात धरला की तो टोचवतो, झालं, लोक म्हणतात डंख मारला! विषबिष काही नाही हो. कानात शिरतो म्हणून आजी आम्हाला पावसाळ्यात खाली झोपू द्यायची नाही, आता ह्याला खायला लागतात मुंग्यांची नि वाळवीची अंडी-अळ्या, त्या आपल्या कानात कुठून आल्या?

राहतो कुठं म्हणाल तर ओल असेल तिथं. रांजणाखाली, उकिरड्यात, कुजक्या लाकडाखाली, आणि कुंडीत तर हमखास. ह्या कुंडीवाल्या जातीत नरच नाहीत, सगळ्या माद्या, अंडी घालायला जोडीदार लागतच नाही. म्हणजे एक जरी कुंडीतनं कुठं पोचली तरी तिचा संसार सुरू, असं करत करत रोपांच्या मातीतून ही मंडळी अमेरिका, ऑस्ट्रेलिया, हवाईपर्यंत गेलीत, अंटार्क्टिका तेवढं राहिलं. 1803 साली दोदाँ नावाच्या फ्रेंच माणसानं हिला शास्त्रीय नाव दिलं. चंचुवाळा मात्र वेगळा, तो चांगला दोन फुटांपर्यंत वाढतो आणि भारत सोडून कुठं सापडत नाही.

मिठाचं काय लॉजिक आहे ते मला तरी कळलेलं नाही, जळवांवर टाकतात म्हणून ह्याच्यावरही टाकत असतील. झाडूनं अलगद सुपलीत घ्या आणि लिंबाखाली ओल्या मातीवर सोडा, बघता बघता आत घुसतो. वाळवी खाणारा फुकटचा गडी आहे, माझ्या कुंडीत निघाला तर मी वरून थोडी माती सारते बस.