टेबलावर सगळे मूकच

जुन्या फिल्मचे डबे तपासणं हे माझं काम. हातमोजे घालून फूट न् फूट पुढे सरकवायची, कडेची फाटलेली भोकं आणि सुटलेले जोड वहीत नोंदवायचे. त्या सकाळी एका संग्राहकाकडून गंजका डबा आला. झाकणावर पुसट शाईत लिहिलं होतं, 'बाबूराव पेंढारकर, मूकपट'. माझे हात थरथरायला लागले. आपल्याकडे तेराशेच्या वर मूकपट निघाले, उरले ते मोजकेच.

झाकण काढलं तसा व्हिनेगरचा भपकारा आला. अ‍ॅसिटेट फिल्म कुजताना असा वास येतो. कडेला 'सेफ्टी', म्हणजे सहज पेट न घेणारी फिल्म, असं छापलेलं, आणि चित्राशेजारून खालपर्यंत गेलेली नागमोडी ध्वनिपट्टी. म्हणजे बोलपट. कोडॅकच्या खुणेवरून कच्ची फिल्म 1955 ची निघाली. मी हिरमुसून डबा बाजूला सारला.

"अगं, बघ तरी," सर म्हणाले.

तुकडा जेमतेम तीनशे फुटांचा, सव्वातीन मिनिटांचा. आमच्या टेबलावर आवाज नसतो. तिथे भलेभले नट नुसते ओठ हलवताना दिसतात. बाबूराव टेबलामागे बसले होते, समोर कुणी तरुण तावातावाने बोलत होता. त्यांनी चष्मा काढला, घडी घालायला घेतली आणि एक काडी मिटून हात थांबवला. भिंगातून मोजल्या, एकोणचाळीस फ्रेम. दीड सेकंदाच्या वर. मग दुसरी काडी मिटली.

"काय म्हणतायत?" सरांनी विचारलं.

"नाही म्हणतायत."

हा माणूस बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडला. व्ही. शांतारामांना त्या कंपनीत नेलं तेही यांनीच. 1932 साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' बोलू लागला तेव्हा त्यात हे गंगानाथ होते. नंतर 'डॉ. कोटनीस'मधले जनरल फाँग, अत्र्यांच्या चित्रपटातले महात्मा फुले, 'दो आँखें बारह हाथ'मधले तुरुंगाधिकारी. नायक म्हणून फारसे मिरवले नाहीत. पण चाळीसएक वर्षं माध्यम बदलत गेलं आणि हे टिकून राहिले. मला वाटतं, बोलपट आल्यावर अनेकांनी हात सोडून जिभेवर भिस्त ठेवली. यांनी हात सोडले नाहीत. मूकपटात हातवारे मोठे असत. ते यांनी लहान, आणखी लहान करत एका चष्म्याच्या काडीवर आणून ठेवले.

जेवायची सुट्टी झाली तरी मी तो तुकडा पुन्हा पुन्हा मागे गुंडाळत राहिले. आकसलेली फिल्म भोकांवर अडत होती, म्हणून अंगठ्याने हलकेच.

तीन आठवड्यांनी ध्वनिपट्टी स्कॅन होऊन आली. हेडफोन लावून मी नेमकी ती जागा शोधली. तरुणाचा चढलेला आवाज, मग खुर्चीची करकर, मग नुसती खरखर. त्या शॉटमध्ये बाबूरावांना वाक्यच नव्हतं.