हो-नाहीची तपासणी

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्यांना बोलतं करणं हे माझं काम. लोकांना वाटतं, आम्ही उच्चार सुधारतो. अफेझियात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरवते तेव्हा, पुष्कळदा जीभ शाबूत असते, अडतो तो शब्द. पाणी हवं असतं, डोळ्यांसमोर असतं, पण 'पाणी' सापडत नाही. मग आम्ही 'पा…' एवढंच म्हणतो आणि थांबतो. या थांबण्यातच सगळं कसब आहे. नातेवाईक थांबत नाहीत, घाईतले डॉक्टर तर नाहीतच. रुग्णाचा शब्द तेच बोलून मोकळे होतात.

हे गृहस्थ वकील. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला. एक ते दहा अंक घडाघडा म्हणत, कारण पाठ झालेलं बोलणं अनेकदा शाबूत राहतं. स्वतःहून वाक्य मात्र जुळत नसे. मुलीनं कोर्टातल्या शब्दांची चित्रं करून दिली होती : काळा कोट, साक्षीदार, न्यायाधीश. चार महिने आम्ही त्यांवर खपलो.

त्या दिवशी हो-नाहीची फेरतपासणी होती. दिवा चालू आहे का? हो. दगड पाण्यावर तरंगतो का? नाही. सगळं अचूक.

"तुम्ही वकील आहात का?"

"नाही."

अफेझियात हो-नाहीची अदलाबदल होते, म्हणून उलटं विचारलं, "डॉक्टर आहात का?" नाही. मग त्यांचंच नाव घेतलं, हे तुम्ही का? ते जरा थांबले. "नाही." मुलीचे डोळे भरून आले.

"मग कोण?"

त्यांनी तोंड उघडलं. सवयीनं मी पहिलं अक्षर द्यायला पुढे झुकले, आणि माझ्यापाशी अक्षरच नव्हतं.

गेली नऊ वर्षं मी पहाटे 'मी कोण' हा विचार घेऊन बसते. रमण महर्षी सांगत, हा जप नव्हे. 'मी' जिथून उठतो तिकडे लक्ष वळवायचं. हे कळूनही मी शब्दच घोळवत आले. बृहदारण्यक उपनिषदातलं 'नेति नेति', म्हणजे 'हे नव्हे, हे नव्हे', मला पाठ आहे, त्यांच्या एक ते दहा अंकांसारखंच पाठ. त्यांचं 'नाही' पाठ केलेलं नव्हतं.

पक्षाघातानंतर औदासीन्य येतं, नैराश्य येतं. त्यातही माणूस जुनं सगळं झटकतो. न्यूरॉलॉजिस्टना मी तशी चिठ्ठी दिली, द्यायलाच हवी होती. पण विझलेली नजर मी वर्षानुवर्षं पाहते आहे, ही तशी नव्हती. त्यांनी मुलीचा हात सोडला नाही. काळ्या कोटाचं चित्र उचललं, नीट न्याहाळलं आणि गठ्ठ्यात परत ठेवलं.

तक्त्यात मी व्यवसायापुढे शून्य लिहिलं, नावापुढे शून्य लिहिलं. नियम तसा आहे. शिक्षण, अनुभव सगळं पणाला लावूनही त्या दोन शून्यांवर मला सही करवत नव्हती.

उद्या अकराला ते येतील. रोज मी दारातच "या वकीलसाहेब" म्हणते. कालपासून दुसरी हाक शोधते आहे. जिभेवर येत नाही.