हप्ता 52 हजार, भाडं 22 हजार

पुण्याच्या उपनगरातला 75 लाखांचा तयार टू बीएचके डोळ्यांसमोर आणा. त्याच मजल्यावर तसाच दुसरा फ्लॅट महिना 22 हजार भाड्यानं गेलेला आहे. एका दारावर मालकाच्या नावाची पाटी, आणि त्याच्या खात्यातून दर महिन्याच्या 5 तारखेला 52,069 रुपये कापले जातात. शेजारच्या दारावर पाटी नाही, पण आत राहणाऱ्याच्या डोक्यावर एक रुपयाचंही कर्ज नाही. दोघांत 'सेटल' कोण, हे नातेवाईक एका क्षणात सांगतात. स्थळ बघतानाही पगाराच्या आधी विचारतात, स्वतःचं घर आहे ना? हे मोजमाप मला चुकीचं वाटतं. का, ते आकड्यांतूनच सांगतो.

आधी कर्जाचं पाहू. 75 लाखांच्या घरासाठी 60 लाखांचं कर्ज, दर 8.5 टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता 52,069. पहिल्या महिन्यात त्यातले 42,500 व्याजात जातात, मुद्दल फक्त 9,569 नं कमी होतं. 5 वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले तर बँकेला 31 लाख 24 हजार जातात, आणि तरी 52 लाख 88 हजार बाकी राहतात. म्हणजे मुद्दलातले जेमतेम 7 लाख 12 हजार फिटले. 10 वर्षांनी, मुदत अर्धी संपल्यावर, अजून 42 लाख बाकी. हे अंदाजे सांगत नाही. बँकेच्या ॲपवर 'अमॉर्टायझेशन शेड्यूल', म्हणजे प्रत्येक हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती याचा तक्ता, काढा आणि 60 व्या ओळीवर बोट ठेवा. गृहकर्ज घेणाऱ्या प्रत्येकानं सही करायच्या आधी ती ओळ बघायला हवी, पण बहुतेक जण फक्त हप्त्याचा आकडा बघतात.

घर घेताना हातातून जाणारे पैसे वेगळेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांच्या वर 75 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के मिळतात, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरलं जात नाही. त्यामुळे 15 लाख स्वतःचे. शिवाय पुणे शहरात मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 5 लाख 25 हजार, नोंदणी फी 30 हजार. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट, इथे 75 हजारांची. घर बांधकाम चालू असलेलं असेल तर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी पावणेचार लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरणं ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे. ते पैसे विकणाऱ्याच्या रकमेतून जातात, पण विवरण वेळेत भरलं नाही तर रोज 200 रुपये लेट फी घेणाऱ्यालाच बसते. पहिल्यांदा घर घेणारे इथे हमखास अडकतात, कारण एजंट हे सांगायला विसरतो.

आता खरा प्रश्न असा, की दोघांचे परत न मिळणारे पैसे किती? भाडेकरूचं सोपं आहे, 22 हजार. मालकाचं मोजताना सगळा हप्ता धरायचा नाही, कारण मुद्दलाचा भाग त्याच्याच घरात जमा होतो. धरायचं ते व्याज 42,500, सोसायटीचा मेंटेनन्स 3,500, मिळकतकर महिन्याला साधारण 1,500, आणि सुरुवातीला गुंतलेले साडेवीस लाख 7 टक्क्यांनी ठेवले असते तर मिळालं असतं ते 12 हजार. एकूण साडेएकोणसाठ हजार. महिन्याचा फरक साडेसदतीस हजार, वर्षाचा साडेचार लाख, म्हणजे घराच्या किमतीच्या बरोबर 6 टक्के. घराची किंमत पहिल्या वर्षी 6 टक्क्यांनी वाढली तर दोघांची बरोबरी होते. त्याहून कमी वाढली तर कर्जमुक्त भाडेकरू पुढे, जास्त वाढली तर मालक. मुद्रांक आणि नोंदणीचे साडेपाच लाख तर परत येतच नाहीत. ते भरून यायला किंमत आधी 7.4 टक्के वाढावी लागते. म्हणून 4-5 वर्षांत बदली होण्याची शक्यता असेल तर घर घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

याची दुसरी बाजूही आहे. दर बदलला नाही तर हप्ता तोच राहतो, भाडं राहत नाही. दरवर्षी 7 टक्के वाढ धरली तर आजचे 22 हजार 10 वर्षांनी 43 हजारांवर आणि 13 वर्षांनी 53 हजारांवर जातात, म्हणजे हप्त्याच्या पुढे. 20 वर्षांनी मालकाचा हप्ता शून्य होतो, भाडेकरूचं भाडं वाढतच राहतं. एकाच शहरात, एकाच भागात 15 वर्षं राहायचं नक्की असेल तर मालकाचं पारडं जड होत जातं, हे मान्य करायलाच हवं.

मग भाड्यानं राहणं कमीपणाचं कधीपासून झालं? मुंबईत गिरगाव, दादर, परळच्या चाळींत दोन-दोन पिढ्या भाड्यानं राहिल्या आणि त्यांना कुणी बेघर समजलं नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी गोठली होती आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येत नव्हतं. पुढे 1 फेब्रुवारी 1973 रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही, म्हणजे भाडेकरू म्हणून नव्हे तर मालकाच्या नुसत्या परवानगीवर राहणाऱ्यांनाही, कायद्यानं भाडेकरू ठरवलं. तेव्हापासून घरमालक धास्तावले आणि 'लीव्ह अँड लायसन्स'चे 11 महिन्यांचे करार रूढ झाले. आज आपण ज्याला भाडं म्हणतो ते कायद्याच्या भाषेत भाडं नाहीच, परवाना आहे. आजोबांच्या भाड्याच्या खोलीत जी शाश्वती होती ती या करारात नाही. म्हणून 'स्वतःचं घर हवं' या आग्रहाला मी भाबडेपणा म्हणणार नाही. शाश्वतीची भूक खरी आहे. पण तिच्यासाठी किती मोजायचं, हा वेगळा हिशेब आहे.

त्या शाश्वतीलाही भोक आहे, आणि ते 2022 साली दिसलं. 2021 मध्ये गृहकर्जाचे दर 6.75 टक्क्यांच्या आसपास आले होते. 50 लाखांचं 20 वर्षांचं कर्ज घेणाऱ्याचा हप्ता 38,018 बसला. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो दर, 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. रेपोशी जोडलेलं कर्ज त्याबरोबर सव्वानऊ टक्क्यांवर. 2 वर्षं हप्ते भरून शिल्लक होते 47 लाख 47 हजार. त्यावर नव्या दरानं महिन्याचं व्याजच 36,588. 38,018 च्या हप्त्यातून मुद्दलाला गेले 1,430. हप्ता तोच ठेवला तर उरलेली 18 वर्षांची मुदत 35 वर्षांहून लांब जाते. 18 वर्षांतच फेडायचं तर हप्ता 45,193 करावा लागतो. हप्ता बदलला नाही म्हणून कित्येकांना वाटलं, आपल्याला झळ बसली नाही. झळ मुदतीला बसली होती, आणि ती खात्याच्या उताऱ्यात एका कोपऱ्यात छापलेली असते. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यायलाच हवा. तो पर्याय विचारून घ्या. शक्य असेल तेवढा हप्ता वाढवा, मुदत वाढू देऊ नका.

यश मोजायचंच असेल तर दोन आकडे विचारावेत, असं मला वाटतं. एक, आज पगार थांबला तर किती महिने तग धरता येईल? दोन, आज सगळं विकून सगळं देणं फेडलं तर हातात किती उरेल? पाटीवरचं नाव या दोन्हींचं उत्तर देत नाही.

पहिला आकडा बघा. नोकरी गेली तर भाडेकरू महिन्याची नोटीस देऊन 14 हजारांच्या वन बीएचकेत जाऊ शकतो, गावी जाऊ शकतो. मालकाचा हप्ता 90 दिवस थकला की कर्ज एनपीए, म्हणजे बुडीत होऊ घातलेलं, ठरतं, मग सरफेसी कायद्याखाली (ज्यानं बँकेला तारण घर जप्त करता येतं) 60 दिवसांची नोटीस येते. म्हणजे हाताशी 5 महिने, आणि त्या काळात सिबिल स्कोअर खचतो तो वेगळाच. म्हणून कर्जदाराकडे किमान 6 हप्ते आणि 6 महिन्यांचा घरखर्च बाजूला असायलाच हवा. वरच्या उदाहरणात नुसते हप्तेच 3 लाख 12 हजार होतात. हे पैसे डाऊन पेमेंटमध्ये ओतून टाकणं ही सर्वांत मोठी चूक. फर्निचरसाठी पर्सनल लोन काढणं ही त्या खालोखालची.

दुसऱ्या आकड्यात भाडेकरू फसतो. कर्ज नाही म्हणजे संपत्ती आहे असं नाही. हप्ता आणि भाडं यांतले 30 हजार दरमहा गुंतवले तरच त्याचं गणित जमतं, आणि बहुतेक घरांत ते 30 हजार गाडीचा हप्ता, फोन, हॉटेल, सहली यांत जातात. गृहकर्ज ही सक्तीची बचत आहे. महाग आहे, पण सक्तीची आहे. भाड्यानं राहणाऱ्यानं ती सक्ती स्वतःवर घालून घ्यावी. पगार जमा झाल्यावर 2 दिवसांनी एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) कापली जाईल अशी तारीख लावा, आणि दरवर्षी पगारवाढीबरोबर रक्कम 10 टक्क्यांनी वाढवा. हे जमत नसेल तर घर घेतलेलं बरं, हे मी मनापासून सांगतो.

भाड्याच्या कराराकडे फार हलगर्जीपणे पाहिलं जातं. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करण्याची जबाबदारी कायद्यानं घरमालकावर आहे. 11 महिन्यांसाठी 22 हजार भाडं आणि 66 हजार डिपॉझिट असेल तर मुद्रांक शुल्क होतं 620 रुपयांच्या आसपास: एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवरचं वार्षिक 10 टक्के व्याज, त्याच्या पाव टक्का. शहरी भागात नोंदणी फी 1,000. आधार असेल तर घरबसल्या होतं. 11 महिन्यांचाच करार करावा असा कुठलाही नियम नाही; 36 महिन्यांचा करा, वाढ 5 टक्के की 7 टक्के ते त्यातच लिहून घ्या, म्हणजे मुलांची शाळा मध्येच सोडावी लागणार नाही. 'लॉक-इन', म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही तो, दोन्ही बाजूंना सारखं आहे ना, ते वाचा. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचे की नाही आणि कापायचे तर किती, हे आकड्यात लिहा. ताबा घेताना भिंती, नळ, गिझर, सिंकखालचा पाइप यांचे फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठवा. आणि मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट भाडं भरावं लागू शकतं, हेही लक्षात असू द्या.

करबचतीसाठी घर घ्या, हा सल्ला आता बऱ्याच जणांना लागूच होत नाही. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर 2 लाखांची वजावट मिळत नाही, तशी घरभाडे भत्त्याची सूटही मिळत नाही. तुम्ही कुठल्या प्रणालीत आहात ते बघूनच हिशेब मांडा.

कर्ज घेतलेलंच असेल तर हाताशी काही गोष्टी आहेत. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. दरवर्षी एक जादा हप्ता भरला तर 20 वर्षांचं कर्ज साधारण 16 वर्षं 8 महिन्यांत संपतं. जादा भरताना 'हप्ता तोच, मुदत कमी' असं बँकेला लेखी कळवा. नव्या ग्राहकाला तुमच्यापेक्षा पाऊण टक्का कमी दर मिळत असेल तर स्प्रेड, म्हणजे रेपो दरावर बँक लावते तो जादा टक्का, कमी करून मागा. थोडी फी लागते, ती काही महिन्यांत वसूल होते. कर्जासोबत गळ्यात मारलेला एकरकमी विमा घेणं बंधनकारक नाही. त्याचा 2 लाखांचा हप्ता कर्जातच मिळवला तर 20 वर्षांत 4 लाख 16 हजार होतात. टर्म इन्शुरन्स वेगळा घ्या. स्वतः राहत असाल तर पुणे महापालिका मिळकतकरात 40 टक्के सवलत देते, पण त्यासाठी पीटी-3 अर्ज भरावा लागतो.

शेवटचा हप्ता गेला की काम संपलं असं समजू नका. बँकेकडून नो ड्यूज पत्र घ्या. मूळ कागद 30 दिवसांत परत देणं बँकेवर बंधनकारक आहे; बँकेमुळे उशीर झाला तर रोज 5,000 रुपये भरपाई मिळते. करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), मुद्रांक भरल्याची पावती आणि आधीच्या मालकांची साखळी असेल तर तिचे सगळे कागद, कर्ज घेताना बँकेनं दिलेल्या यादीशी एकेक ताडून मगच सही करा. सरसाईच्या (तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) नोंदीतला बँकेचा बोजा उतरवायला सांगा, सोसायटीच्या दप्तरातली बँकेची नोंद काढून घ्या, आणि दीड-दोन महिन्यांनी सिबिल अहवालात ते खातं 'क्लोज्ड' दिसतं का, ते पाहा.