डोंगरावर चढलेलं जहाज

ऐतिहासिक नकाशासंग्रहाची प्रुफं तपासताना डच दर्यावर्दी आबेल तास्मानच्या 1642 च्या सफरीचं पान हाती आलं. 13 डिसेंबरला त्याला न्यूझीलंडचा किनारा पहिल्यांदा दिसला. रोजनिशीत जमीन आग्नेयेला आहे, आणि आमच्या नकाशात जहाज न्यूझीलंडच्याही पूर्वेला हजारेक किलोमीटर!

आकडे रोजनिशीतलेच होते: 42°10' दक्षिण, रेखांश 188°28'. फक्त आरेखकाने ते ग्रिनिचपासून मोजले. तास्मानचं शून्य होतं तेनेरीफ बेटाच्या शिखरावर, म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला सुमारे 16°38'. वजा केले, 171°50' पूर्व आले, ठिपका सरकवला. तो पडला न्यूझीलंडमध्ये, किनाऱ्यापासून आत असलेल्या रीफ्टन गावापाशी. जहाज थेट डोंगरात.

ही चूक मात्र आमची नव्हती. अक्षांश दुपारच्या सूर्यावरून बऱ्यापैकी नेमका मिळे. रेखांश म्हणजे दिशा, वेग आणि वेळ यांचा अंदाजी हिशेब. मॉरिशस सोडून दोन महिने झालेले, वाटेतले प्रवाह अज्ञात. 42 अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे 82 किलोमीटर. अंशा-दीड अंशाची चूक त्या काळी चांगल्या खलाशाचीही व्हायची.

मग 'जमीन 15 मैलांवर' ही नोंद. मजकुरात कुणीतरी 24 किलोमीटर करून ठेवले होते. डच मैल अक्षांशाच्या एका अंशात 15 बसतात, म्हणजे हे अंतर जवळपास 111 किलोमीटर. एवढ्या लांबून दिसते ती सखल किनारपट्टी नव्हे, उंच पर्वत. रोजनिशीतही 'मोठी, उंच जमीन' असंच आहे.

खरा घोळ नावाचा. त्या पानावर 'न्यूझीलंड' चालतच नाही. तास्मानने लिहिलं 'स्टाटेन लांट'. दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळ 1616 मध्ये डचांनी त्याच नावाची जमीन नोंदवली होती. ही तिचाच भाग असेल, असा त्याचा कयास. 1643 मध्ये ब्राउवर या दुसऱ्या डच दर्यावर्दीच्या सफरीत अमेरिकेजवळची ती जमीन म्हणजे लहानसं बेट निघालं आणि कयास बारगळला. डच नकाशांवर 'नोव्हा झीलांडिया' आलं ते त्यानंतर. टास्मानियाचंही तसंच: त्याने नाव दिलं ते सफरीवर धाडणाऱ्या गव्हर्नर जनरल फान डीमेन यांचं, साहेबांचं. तास्मानचं नाव त्या बेटाला अधिकृतपणे लागलं 1856 मध्ये.

छापताना ठिपका किनाऱ्याच्या पश्चिमेला, समुद्रात घेतला, भोवती तुटक रेघेचं वर्तुळ. रोजनिशीतले आकडे खाली जसेच्या तसे, 'तेनेरीफपासून' या शब्दासह. 'न्यूझीलंड' कंसात, बारीक टायपात.