रिकाम्या ट्रेचे तडे

सकाळी पावणेनऊला फोन. "मालक, तुमचे ट्रे बोलायलेत. येऊन ऐका." पलीकडे मच्छेच्या कारखान्यातला, आमचे प्लॅस्टिकचे ट्रे घेणारा परचेसवाला होता, आणि तो काही विनोदी माणूस नव्हे.

बेळगावच्या उद्यमबागेतून पिरनवाडीमार्गे मच्छे म्हणजे एरवी काही अंतरच नाही, पण जुलैतल्या खड्ड्यांतून गाडी चालवताना विचार करायला भरपूर वेळ मिळतो. आत गेलो तर स्टोअरमध्ये ट्रेच्या थप्प्या, आणि दोन-तीन मिनिटांनी कुठून तरी 'टक्'. मग शांतता. मग दुसऱ्या थप्पीतून 'टक्'. स्टोअरकीपर गोकाककडचा. त्यानं एक ट्रे माझ्या हातात दिला आणि नुसतं "नोडरी", म्हणजे बघा, म्हणाला. पॉकेटच्या, म्हणजे ट्रेमधल्या खळग्याच्या, तळाच्या कोपऱ्यात केसासारखी रेघ, तिच्या कडेनं पांढुरकी झाक. अंगठ्यानं दाबलं तर कोपरा बाहेर आला.

हे ट्रे हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या स्पूलसाठी. स्पूल म्हणजे बोटाएवढा ग्राइंड केलेला पोलादी दांडा, त्याच्यावर खाचा आणि खाचांच्या कडा धारदार. ती कड दुसऱ्या स्पूलला लागून उडाली की माल भंगारात. त्यासाठी प्रत्येकाला वेगळं घर, अशी चोवीस. ट्रेची लांबी 400 मिमी, खोली 35, शीट 2 मिमी काळं हिप्स. ट्रे नऊशे.

हिप्स म्हणजे रबर घालून चिवट केलेलं पॉलिस्टायरीन. दह्याचे कप आणि फ्रीजच्या आतलं अस्तर बऱ्याचदा ह्याचंच. आमचा धंदा प्लॅस्टिकचं शीट तापवून मोल्डवर, म्हणजे साच्यावर, ओढायचा. त्यात ह्याच्यासारखं समजूतदार शीट नाही. हीटरखाली गेलं की आधी लाटा मारतं, मग पापडासारखं ताणून सपाट होतं, मग मधे खाली झुकून पोट सोडतं. पोट सोडलं की मोल्डवर घ्यायचं. दोन-चार सेकंद इकडंतिकडं झाले तरी रुसत नाही. स्वस्त, आणि थंड होताना आकसतं जेमतेम अर्धा टक्का. दोष एकच, तेल सोसत नाही.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. ऑर्डर घेतानाच विचारलं होतं, तेल किती? परचेसवाला म्हणाला, "हात पुसल्याएवढं." तरी मी त्यांच्याकडचंच तेल आणून त्यात हिप्सचा तुकडा आठ दिवस बुडवून ठेवला होता. काही झालं नाही. म्हणून निर्धास्त होतो.

त्या सकाळी मात्र ट्रे नाकाला लावला आणि रॉकेलचा वास आला. तेल कधी बदललं, म्हणून विचारलं. कुणाला काही माहीत नाही. शेवटी स्टोअरकीपरनं कोपऱ्यातला नवा ड्रम दाखवला. गंज लागू नये म्हणून लावायचं आरपी ऑइल बदललेलं, पातळ, लवकर वाळणारं, सॉल्व्हंटवालं. बदलणारा तोच परचेसवाला. मला सांगायचं त्याला सुचलंच नाही. परचेसमधल्या माणसाला दर दिसतो, वास येत नाही.

मॅनेजरसाहेब आले, आवाज चढला, डेबिट नोटचा, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापायचा, विषय निघाला. मी म्हटलं, साहेब, दहा मिनिटं द्या. गाडीत शीटच्या पट्ट्या असतातच. हिप्स, एबीएस, पीईटीजी आणि एचडीपीई, चार तऱ्हेची प्लॅस्टिकं. चारही पट्ट्या एका पाइपवर वाकवून बांधल्या आणि फडक्यानं नवं तेल चोपडलं. चहा आला. कप संपायच्या आधी हिप्सच्या पट्टीच्या पाठीवर पांढऱ्या आडव्या रेघा उमटल्या आणि ती सगळ्यांसमोर तुटली. बाकीच्या तीन जागच्या जागी. साहेबांचा आवाज खाली आला. बुडवलेला तुकडा का टिकला, तेही तेव्हा उलगडलं. तेल आधीचं होतं ते एक, आणि तुकडा सपाट होता. हिप्सला नुसतं तेल लवकर मारत नाही, तेल आणि ताण एकत्र मारतात.

"मग एचडीपीई करा की," साहेब म्हणाले. "तेलाचे डबे त्याचेच असतात."

असतात. पण एचडीपीई आकसतं अडीच टक्क्यांच्या आसपास. 400 मिमीला हिप्समध्ये दोन मिमी जातात, इथं दहा. चोवीस घरं सरकतात, म्हणजे मोल्ड नवा. शिवाय ते घ्यायची वेळ चिमटीएवढी. रंग न घातलेलं असेल तर वितळताना काचेसारखं आरपार दिसायला लागतं, तेवढीच खूण. जरा थांबलं की झोळी होऊन खाली लोंबतं. एबीएस तेलाला बरं, पण ते हवेतलं पाणी पितं. आमच्या पावसात 80 डिग्रीला तीन-चार तास वाळवल्याशिवाय तापवलं तर अंगावर कांजिण्या उठल्यासारखे बुडबुडे. उरलं पीईटीजी. आकसणं हिप्सएवढंच, मोल्ड तोच चालतो. पण शीट येते किलोवर, आणि ते वजनाला जड. हिप्सची घनता 1.05, याची 1.27. म्हणजे किलोचा दर सारखा असता तरी ट्रे पाचवा हिस्सा महाग पडला असता, आणि दर सारखा नाही. साहेबांनी तोंड वाकडं केलं आणि हो म्हणाले.

इथवर मी जिंकलो होतो. निघताना दाराशी रिकाम्या ट्रेची थप्पी दिसली. त्यांत एकही स्पूल कधी ठेवला नव्हता, वरून ड्रममधलं तेल ठिबकलं होतं एवढंच. कोपरे तडकलेले. वजन नाही, मग ताण कुणाचा?

दोन ट्रे पिशवीत घातले. कुणी विचारलं नाही.

ट्रेच्या तळावर आम्ही तारीख मारतो. दोन्ही एकाच आठवड्यातले. त्या आठवड्यात लाइट घडीघडी जात होती, आणि ह्यांच्याच गाडीला माल भरायचा होता. मशीनवरचे मामा म्हणाले होते, "मालक, शीट तापायला वेळ लागायलाय. पोट सुटलं नाही अजून." मी म्हटलं होतं, "घ्या की मामा, येतंय तसं." आलंही, घरं चोख उठली. पण अर्धवट तापलेलं शीट जबरदस्तीनं ओढलं की ती ओढ आतच गोठून राहते.

ती ओढ आहे का बघायला रात्री ओव्हन नव्वद डिग्रीपर्यंत नेला. त्या आठवड्यातला एक ट्रे आणि जूनमधला आमच्या रॅकवरचा एक, शेजारीशेजारी. अर्ध्या तासानं जूनचा होता तसा. दुसऱ्याचे चारही कोपरे वर आले होते, उन्हात टाकलेल्या चपातीसारखे.

मामांना दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त एका कोपऱ्यावर बोट ठेवून तो खाली दाबला. सोडल्यावर तो परत वर आला.

डेबिट नोट पूर्ण रद्द करतो, असा साहेबांचा मेसेज काल आलाय. कारण तेल त्यांच्याच माणसानं बदललं. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. वाकडा ट्रे टेबलावर आहे. त्यावर हात टेकला की डुगडुगतो.