आधी नरसाळं, मग कासव

सेन्सरी बिन म्हणजे लहान मुलांनी हात घालून खेळावं म्हणून तांदूळ, वाळू, पाणी असं काहीतरी भरून ठेवलेला टब. तो करताना थीम सगळ्यात शेवटी ठरवायची, असं माझं स्पष्ट मत आहे. लेकीला ते मान्य नाही. रात्री मुलं झोपली की ती फोनवर फोटो बघत बसते: निळ्या तांदळाचा समुद्र, त्यात कासवं, शिंपले, प्रत्येक माशाच्या नावाची इवलीशी पाटी. "आई, बघ ना किती गोड!" गोड असतंच. पण हे फोटो टबात हात जायच्या आधीचे असतात. पाच मिनिटांनी त्या समुद्राचं काय होतं, ते कोणी टाकत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळेही असेल, पण मला कासवांच्या आधी भांडी दिसतात. रुंद तोंडाचं नरसाळं, पारदर्शक बाटली, मापाचे कप, खोलगट चमचा, गाळणी, बोथट टोकांचा चिमटा. टब पसरट आणि उथळ हवा, म्हणजे जमिनीवर बसलेल्या मुलाचे हात आरामात तळाशी पोचतात. भरण दोन-तीन इंच पुरे. काठोकाठ भरलंत तर पहिल्या ओंजळीलाच अर्धं जमिनीवर येणार.

आमच्याकडे गिऱ्हाईकं दोन: नात चार वर्षांची, नातू दीड वर्षाचा. परवा नातीला नुसते पांढरे तांदूळ दिले, थीम वगैरे काही नाही. तिने पसरट वाडग्यातले तांदूळ नरसाळ्यातून उंच बाटलीत ओतायला घेतले. नरसाळं तुंबलं. (तोंड अरुंद असलं की दाणे एकमेकांना टेकून कमान धरतात आणि खाली उतरतच नाहीत.) तिने आधी नरसाळं हलवलं, मग वरून बोट खुपसलं, मग बाटलीवर दोनदा आपटलं, तशी धार सुटली. बाटली भरल्यावर म्हणाली, "आजी, खूप झाले!" परत वाडग्यात ओतले. "आता कमी झाले." झाँ पियाजे हे मानसशास्त्रज्ञ मुलांना नेमकं हेच विचारत: सारख्या दोन ग्लासांत सारखं पाणी घ्यायचं, एकातलं मुलाच्या डोळ्यांदेखत उंच, निमुळत्या ग्लासात ओतायचं आणि जास्त कशात ते विचारायचं. साधारण सहा-सात वर्षांच्या आतली बरीच मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. मी नातीला समजावायला गेले नाही. बाटली, वाडगा, पुन्हा बाटली असं तिचं चाललं होतं, तोवर माझं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झालं. यात कासवाला काय काम होतं, सांगा.

तरी लेकीचं मन राखायला तांदूळ रंगवून देते. एक कप तांदूळ, अर्धा चमचा व्हिनेगर, खाण्याच्या रंगाचे थेंब, सगळं झिपच्या पिशवीत घालून खळखळ हलवायचं. हे काम नातीचं. व्हिनेगरमुळे रंग सगळीकडे सारखा लागतो. वास वाळताना जातो. मग ताटात पातळ पसरून रात्रभर वाळू द्यायचे. ओलसर राहिले तर हातही रंगतात आणि डब्यात बुरशीही धरते. नीट वाळलेले तांदूळ घट्ट झाकणाच्या डब्यात कितीतरी महिने टिकतात. ज्यांना अन्नाशी खेळणं रुचत नाही त्यांनी वाळू घ्यावी, नाहीतर रंगीत कापडाच्या पट्ट्या. मुलांना कशाचंच वावडं नसतं.

धाकट्याचा टब मात्र पूर्ण वेगळा, कारण त्याची सगळी तपासणी अजून जिभेने चालते. त्याला कॉर्नफ्लेक्सचा बारीक चुरा देते, 'वाळू' म्हणून तो छान चालतो. कधी शिजवून गार केलेला मऊ पास्ता. वस्तू अशाच, ज्या घशात जाऊच शकत नाहीत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक ठरलेलं चाचणी-नळकांडं असतं, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. कोणताही भाग न दाबता त्यात पूर्ण मावला तर ते खेळणं त्या वयाला बाद. घरी टॉयलेट रोलचं पुठ्ठ्याचं नळकांडं वापरावं. ते थोडं मोठं असतं, म्हणजे चाळण जास्तच कडक होते, आणि ते बरंच. लेकीचे शिंपले सगळेच्या सगळे त्यातून खाली पडले. राजमा, मणी, गोट्या तर विचारायलाच नकोत. कच्चं पीठही नको. त्यात साल्मोनेला किंवा ई. कोलाय हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, आणि घरी भाजून घेतलं की झालं असं नाही. अमेरिकेच्या एफडीएनेही (अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) हा घरगुती उपाय करू नका असंच सांगितलं आहे.

आता त्या रंगीबेरंगी, पाण्यात फुगणाऱ्या जेलच्या गोळ्या, वॉटर बीड्स. फोटोत त्यांच्याइतकं सुंदर काही दिसत नाही, आणि आमच्या घरात त्या येणार नाहीत. कोरड्या असताना त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या असतात, कुठेही घरंगळतात. पोटात गेल्या तर आतलं पाणी शोषून फुगत राहतात, आतडं अडवू शकतात, आणि एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतही नाहीत. मुलं दगावलीही आहेत. अमेझॉन, वॉलमार्ट आणि टार्गेट यांनी अमेरिकेत मुलांसाठी म्हणून त्या विकणं डिसेंबर २०२३मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. "मी लक्ष ठेवीन ना," असं लेक म्हणाली होती. कपाटाखाली घरंगळलेल्या गोळीवर कोण लक्ष ठेवणार?

पाण्याच्या टबाला एकच नियम: उठायचं तर टब रिकामा करूनच उठायचं. फोन वाजला, दार वाजलं, काहीही असो. एक-दोन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

थीमवर माझा राग आहे असं नाही. वस्तूच्या गुणातून थीम आली की ती मला मनापासून आवडते. बर्फाचं उदाहरण घ्या. प्लॅस्टिकचे मोठाले प्राणी डब्यात पाणी घालून आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि सकाळी तो ठोकळा टबात उपडा करायचा. प्राण्यांना सोडवायचं, एवढीच गोष्ट. नात आधी चमच्याने ठोकत बसली. मग तिला कोमट पाणी आणि ड्रॉपर दिला, चिमूटभर मीठ दिलं. मिठाने बर्फाचा गोठणबिंदू खाली येतो, म्हणून मीठ पडेल तिथे बर्फ आधी वितळतो आणि खळगे पडतात. त्यावर रंगीत पाण्याचा थेंब टाकला की तो आत आत उतरत जातो आणि पांढऱ्या ठोकळ्यात निळ्या नळ्या दिसायला लागतात. (हाताला खरचटलेलं असेल तर मीठ देऊ नका, झोंबतं.) लेकीने त्यात पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकत्र गोठवले होते. पेंग्विन दक्षिणेकडचे, अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, हे मी बोलून दाखवलं. नातीने शांतपणे सांगितलं की अस्वल पाहुणं आलंय.

दोन कप कॉर्नफ्लोअरमध्ये एक कप पाणी घालून होणारं ते चमत्कारिक मिश्रणही तसंच. मुठीत दाबलं की घट्ट, मूठ उघडली की बोटांमधून वाहून जातं. त्याला दलदल म्हणा, लाव्हा म्हणा, काहीही खपतं. फक्त बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. वाळवून कचऱ्यात टाका.

आवरायचं म्हणाल तर टबाखाली जुनी चादर घालते. खेळ संपला की चारही टोकं उचलायची, सांडलेलं सगळं मध्ये गोळा होतं, परत टबात. उरलेल्या दाण्यांसाठी छोटी झाडणी आणि सुपली दिली की नात त्यातच आणखी रमते. आणि मुलं कंटाळली म्हणून लगेच भरण बदलायला जाऊ नका. तेच तांदूळ ठेवा, एक साधन बदला. पुठ्ठ्याची नळी तिरकी चिकटवली की घसरगुंडी तयार.

सध्या लेकीला अंतराळ हवंय. काळे तांदूळ मी करणार नाही म्हणाले, तो गडद रंग कितीही वाळवला तरी बोटांना लागतो. काळा टब आण, पांढरे तांदूळ त्यात ओतू, चांदण्या म्हणून चालतील. रॉकेटचं काय ते तिने बघावं. नळकांड्यातून खाली पडलं नाही म्हणजे झालं.