चांगी, आई आणि पाण्याची बाटली

मुंबईहून मेलबर्नला निघालोय, मधे सिंगापूरला चांगी विमानतळावर मुक्काम. सोबत आई.

विमानातच पहिली करमणूक. शेजारच्या काकूंनी बुकिंग करताना 'हिंदू मील' निवडलं होतं, ताटात आलं चिकन! परदेशी विमानांत हिंदू मील म्हणजे फक्त गोमांस नसलेलं जेवण. शाकाहारी असाल तर 'एशियन व्हेजिटेरियन' निवडायचं, तेही आधीच. आईने आपला पुलाव आणि दही त्यांच्यापुढे सरकवलं.

चांगीत २०१९ साली उघडलेला ४० मीटर उंचीचा धबधबा आहे, पण तो 'ज्युएल' नावाच्या मॉलमध्ये, म्हणजे इमिग्रेशनच्या बाहेर. टर्मिनल २ आणि ३ मधली फुकट स्कायट्रेन मात्र त्याच्या अगदी जवळून जाते. आम्ही उगाचच जाऊन आलो.

खरी मजा गेटवर. इथे टर्मिनल १, २, ३ ला सिक्युरिटी चेक गेटपाशीच असतो. आईने आतल्या नळावर बाटली काठोकाठ भरलेली, ती रिकामी करायला सांगितली.

"अरे, यांच्याच नळाचं पाणी आहे ना हे?"

मुद्दा बिनतोड! पण नियम तो नियम. ओतून द्यायला ती तयारच होईना. अर्धी बाटली तिथेच उभ्याने प्यायली, उरलेली माझ्या हातात. "पी. पाणी टाकू नये."

मागे रांग, समोर हसू दाबणारी सिक्युरिटीवाली. प्यायलो मुकाट्याने. आता माझी सीट खिडकीशी आणि मधे झोपलेले दोघं नसोत म्हणजे मिळवली.